उभा मजकूर

दस्तगीर संकेश्वरहून टेम्पो घेऊन आला
तेव्हा गुरुसिद्ध अण्णा खिळ्यांच्या पेटीपुढं उभे होते,
पंचेचाळीस वर्षं उभे राहिले तिथंच.
फरशीला तिथं दोन पावलांएवढा खळगा आहे.

शिसं नऊशे किलो तरी भरेल, मी सांगितलं होतं.
मराठी किती, कन्नड किती, त्यानं विचारलं नाही.
भाषा असते रस्त्यावरच्या पाट्यांना,
त्यांच्यावर कधीमधी डांबर पडतं.
आमच्या खिळ्यांवर पडली ती फक्त शाई.

एका भिंतीला मराठी, समोरच्या भिंतीला कन्नड,
मध्ये ट्रेडल.
वधू खडकलाटची, वर कागलचा असला
की अण्णा एका टाचेवर वळायचे
आणि त्याच स्टिकमध्ये दुसरी लिपी सुरू.
दोन्ही त्यांना उलट्याच वाचता यायच्या,
सुलट मजकूर दिसला की डोळे बारीक करायचे.

बिड्यांची लेबलं, चाचणी परीक्षेचे पेपर,
कुस्त्यांची हँडबिलं गुलाबी कागदावर.
वखारीतला तंबाखूचा धुरळा ओल्या शाईवर बसायचा.
गिऱ्हाईक पत्रिका हुंगून शिंकायचं
आणि म्हणायचं, निपाणीचीच छपाई.

आता पत्रिका माझ्या बोटानं जाते.
फुलं हलतात, सनई वाजते,
मी दीडशे रुपये घेते.
अण्णांनी एकदाच बघितली. म्हणाले,
'चांगलं आहे की. खरं, चुकलं तर काय करतीस?'
पुन्हा पाठवायची, मी म्हटलं.
'आणि पहिली?'

दस्तगीरनं पेटीला हात घातला, अण्णांनी हात आडवा केला.
कोपऱ्यात, सुतळीनं बांधलेला, एक मजकूर उभा होता.
कळविण्यास अत्यंत दुःख होते की
मग कोऱ्या तुकड्यांनी भरलेली जागा
मग यांचे अल्पशा आजाराने.
हा कधी सोडायचा नाही, बाबांचा नियम.
गावात माणूस गेलं की फक्त नाव बसवायचं,
तिथी, वार, उत्तरकार्याचा पत्ता.
लांब नावाला जागा पुरायची नाही,
मग अण्णा आजार थोडा पुढं सरकवायचे.
बाबांचं नावही त्याच खाचेत बसलं.
एकेक अक्षर मी चिमट्यानं उचलून दिलं होतं.

'हा सोडायला पायजे.'
'अण्णा, उद्या सगळं वितळणार आहे.'
'इर्ली. मिसळ माल देऊ नये.'

आणि ते सोडायला लागले.
ओळ ओली करून डाव्या हातात,
उजव्याची बोटं खणांवर,
क घरी, ळ घरी,
वेलांटी तिच्या अरुंद खणात.
दुःखाचा विसर्ग कुठं जातो
ते क्षणभर त्यांना आठवेना.
दस्तगीर चहा पिऊन आला, टेम्पोत झोपला.
बायपासवरून पुण्याकडं, बेंगळूरकडं गाड्या जात राहिल्या.
तांदूळ निवडताना खडा ताटात पडतो
तेवढाच आवाज, दुपारभर.

मी बघत होते, एखादा खिळा खिशात टाकतील.
टाकला नाही.
सुतळी तेवढी गुंडाळून खुंटीला लावली.

आठशे बेचाळीस किलो.
अण्णांनी रॉकेलनं हात पुसले. पावती मागितली.
'ताईंच्या फोनवर पाठवलीया.'
मी फोन दिला.
त्यांनी लांब धरला, मग सवयीनं उलटा केला,
तर मजकूर आपसूक वळून सुलटा झाला.
पुन्हा उलटा केला. पुन्हा तेच.
शेवटी तसाच वाचला, डोळे बारीक करून.
शिसं लिहिताना दस्तगीरनं शिंस लिहिलं होतं,
अनुस्वार एक घर अलीकडं.

'प्रूफ कुणी बघितलं?'

दस्तगीर हसला. मीही हसले.
अण्णा कानावरची पेन्सिल काढून
काचेवर खूण करू बघत होते.